प्रूफ नाण्यातली डाय व्हरायटी: ओळख, नोंद आणि मोल

महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीचं १० रुपयांचं चांदीचं नाणं, साल १९६९, प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेलं. पुण्यात मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात एका रविवारी विक्रेत्याने ते प्लास्टिकच्या पाकिटातूनच माझ्यापुढे धरलं आणि म्हणाला, “काका, डबल डाय आहे. साल बघा, आकडे दोन-दोन दिसतात.” दिसत होते खरे. साध्या प्रूफच्या तिप्पट पैसे देऊन मी ते घेतलं. घरी दिव्याखाली भिंगातून पाहिल्यावर आकड्यांच्या एकाच अंगाला सपाट, घसरल्यासारखी पायरी दिसली. डायमध्ये, म्हणजे नाणं पाडायच्या ठशात, काही नव्हतं, ठोका बसताना नाणं हललं होतं. पुढच्या दोन वर्षांत त्याच सालाची आणखी नऊ प्रूफ नाणी मी निरखून पाहिली. तशी पायरी एकावरही नव्हती.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. तीच खूण, त्याच जागी, तशीच असलेलं दुसरं नाणं पाहिल्याशिवाय कशालाही डाय व्हरायटी, म्हणजे डायमधल्याच फरकातून आलेला वेगळा प्रकार, म्हणायचं नाही. किमतीलाही मी हाच नियम लावतो, तो कसा ते पुढे येईल.

खूण जन्मते कुठे

डाय म्हणजे पोलादी ठसा. त्यावर चित्र उलटं आणि खोलगट असतं, म्हणून नाण्यावर ते सुलटं आणि उठावाचं उमटतं. टांकसाळीत आधी मास्टर डाय तयार होते. तिच्यापासून उठावाचा हब घेतात आणि तो हब पोलादी ठोकळ्यांत दाबून कामाच्या अनेक डाय काढतात. पूर्वी एका दाबात सगळी नक्षी पोलादात उतरत नसे. ठोकळा तापवून नरम करायचा आणि तोच हब पुन्हा दाबायचा. दुसऱ्या वेळी हब केसभर जरी फिरला, तरी डायवर आकृती दुहेरी व्हायची. मग त्या डायने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर ती दुहेरी आकृती येणारच. खरी डबल डाय ती हीच.

शिवराई जमवणाऱ्यांना हे वेगळ्या तऱ्हेने माहीत असतं. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरं प्रत्येक ठशात हाताने कोरलेली, त्यामुळे दोन शिवराया तंतोतंत सारख्या सापडल्या तरच नवल. यंत्रावरच्या नाण्यात, त्यातही प्रूफमध्ये, सगळं एकसारखं असायला हवं असतं. म्हणून तिथे बारीकसा फरकही काही सांगत असतो.

प्रूफ म्हणजे केवळ चकचकीत नाणं नव्हे. त्याच्या चकत्या आधी घासून उजळतात, डायचा सपाट भाग आरशासारखा करतात आणि अधिक दाबाचे दोन किंवा त्याहून जास्त ठोके देतात. त्यामुळे कडा काटकोनात उभ्या राहतात, अक्षरांचे कोपरे धारदार येतात आणि मोकळ्या जागेत, जिला संग्राहक फील्ड म्हणतात, आपला चेहरा दिसतो. आकृतीवर दुधाळ खरखरीतपणा आणि भोवती काळाभोर आरसा असं दिसलं तर त्याला कॅमिओ म्हणतात. नव्या डायने पाडलेली पहिली काही चलनी नाणीही अशी चमकतात आणि ‘प्रूफ’ म्हणून खपवली जातात. चकाकीला भुलू नका, नाण्याची धार आणि काठ बघा. चलनी नाण्याचा काठ आतल्या बाजूला गोलसर उतरतो.

या पद्धतीतून प्रूफच्या व्हरायटीचे दोन स्रोत निघतात. पहिला हबचा, वर सांगितलेला. दुसरा पॉलिशचा. आरसा टिकवायला प्रूफची डाय पुन्हा पुन्हा घासावी लागते आणि घासताना उथळ बारकावे पुसले जातात. वस्त्राची चुणी जाते, पानाची शीर जाते, अक्षराचा पाय बारीक होतो. हे किती टोकाला जाऊ शकतं ते पाहायचं तर चलनी नाण्यातलं अमेरिकेचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. १९३७ साली डेन्व्हर टांकसाळीत ५ सेंटच्या डायवरचे डाग घालवताना रानरेड्याचा एक पाय पुसला गेला. तो तीन पायांचा रेडा आजही भरपूर पैसे देऊन घेतला जातो.

काय जमवायचं ते आधी ठरवा

सगळं जमवायला निघालेला माणूस व्हरायटी ओळखायला कधीच शिकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. डोळा तयार व्हायला एकाच प्रकारची पुष्कळ नाणी हाताखालून जावी लागतात.

नवशिक्याला मी भारतीय प्रजासत्ताकाचे १९६९ पासूनचे मुंबई टांकसाळीचे प्रूफ सुचवेन. गांधी १० रुपये, मग १९७० च्या दशकातली अन्न व कृषी संघटनेच्या विषयांवरची १०, २० आणि ५० रुपयांची नाणी. ही आवाक्यात आहेत आणि पुण्यात मिळतात. त्यांची ओळखही सोपी आहे. मुंबईच्या चलनी नाण्यावर सालाखाली चौकटच्या आकाराची खूण असते, तर १९६९ पासूनच्या प्रूफवर त्या जागी इंग्रजी ‘बी’ अक्षर येतं. १९९० च्या दशकात मुंबईचं नाव अधिकृतपणे बदलल्यावर त्याची जागा ‘एम’ने घेतली. हैदराबादची खूण तारा, नोएडाची गोल ठिपका आणि कोलकात्याची खूण म्हणजे खूणच नाही. बाकी टांकसाळींच्या खुणेचं नाणं ‘मुंबई प्रूफ’ म्हणून कोणी दाखवलं, तर तिथेच थांबा.

१९५० आणि १९५४ चे संच त्याआधीचे. रुपयापासून एक पैशापर्यंत सात नाणी, आणे-पैच्या जमान्यातली. ती महाग आहेत आणि कमी दिसतात, म्हणून दुसरं नाणं शोधायला वर्षं लागतात. तिथे डोळा तयार झाल्यावर जा.

तिसरं क्षेत्र ब्रिटिश हिंदुस्थानचं. सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत फसवं तेच. त्याबद्दल सविस्तर लिहितो.

राणीछाप आणि नंतर पाडलेली प्रूफ

१८३५ पासून सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात एकसारखा रुपया सुरू झाला. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि चांदी १२ भागांत ११. या रुपयांवर डायचे फरक इतके आहेत की आयुष्य पुरणार नाही. १८४० च्या राणीच्या रुपयावर नाव कधी सलग गोलाईत येतं, तर कधी डोक्यामुळे दोन भागांत तुटतं. तुटक नावाच्या प्रकारात मागच्या बाजूच्या पानाफुलांच्या वेलीतली फळं मोजायची असतात, २८, ३४ किंवा ३५. पहिल्यांदा मोजताना तीनदा वेगळी संख्या आली तरी निराश होऊ नका. गाठीपासून सुरू करा, डावी फांदी आधी पूर्ण करा आणि छायाचित्रावर पेनाने खुणा करत चला.

१८६२ च्या रुपयाची गंमत आणखी निराळी. तेच साल १८७४ पर्यंत रुपयावर कोरलं जात राहिलं. मुंबई टांकसाळीने मग सालाखाली आणि वरच्या मजकुराजवळ ठिपके देऊन खरं वर्ष सुचवलं. ठिपक्यांची संख्या आणि जागा हीच तिथली व्हरायटी. पुढच्या राणीछाप रुपयांवर मुंबईचं ‘बी’ काही वेळा उठावाचं आणि काही वेळा खोलगट असतं. अक्षर डायमध्ये ठोकून घातलं की नाण्यावर ते उठावाचं येतं. खोलगट यायचं तर डायवर ते उभं ठेवावं लागतं, म्हणजे ती मुद्दाम वेगळी घडवलेली डाय असते.

आता फसवणुकीचा भाग. मुंबई आणि कोलकाता टांकसाळी जुन्या डाय जपून ठेवत आणि संग्राहकांच्या मागणीवरून जुन्या सालांची प्रूफ नाणी नव्याने पाडून देत. ही पद्धत १९७० पर्यंत चालली. अशा नाण्याला रीस्ट्राइक म्हणतात. ते बनावट नसतं, टांकसाळीतच, जुन्या किंवा जुन्यावरून केलेल्या डायने पडलेलं असतं. पण १८६२ साल असलेलं १९६० च्या आसपासचं नाणं आणि खरोखर त्या काळातलं नाणं यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो, म्हणून रीस्ट्राइक ओळखणं हीच इथली पहिली पायरी.

मी पुढील क्रमाने बघतो. फील्डवर बारीक उठावाचे पुळे आहेत का? वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या डायला गंज चढतो, गंजाचा खड्डा डायमध्ये असतो आणि नाण्यावर त्याचा पुळा होतो. गंज घासून काढला असेल तर उथळ बारकावे गेलेले असतात, म्हणून मुकुटाची बारीक नक्षी आणि केसांच्या बटा तपासतो. मग धारेवरच्या चिरा मोजतो. नवीन कॉलर, म्हणजे ठोक्याच्या वेळी चकतीभोवती असणारं कडं, वापरली असेल तर चिरांची संख्या किंवा जाडी बदलते. वजन आणि व्यास घेतो. शेवटी दोन्ही बाजूंची जोडी जुळते का ते पाहतो, कारण रीस्ट्राइकमध्ये एका काळाची दर्शनी बाजू दुसऱ्या काळाच्या मागच्या बाजूशी जोडली गेल्याची उदाहरणं आहेत. अशी चुकीची जोडी स्वतःच एक व्हरायटी असते आणि तिला हौशी खरेदीदार असतात. फक्त तिची किंमत रीस्ट्राइक म्हणूनच लावायची.

साहित्य

दहापट मोठं दाखवणारं तीन भिंगांचं लूप घ्या. घड्याळजी वापरतात ते एका भिंगाचं चालेल, पण कडेला ते वाकडं दाखवतं. वीसपटीचं सुरुवातीला नको, त्यात नाण्याचा एवढासा तुकडा दिसतो आणि प्रत्येक ओरखडा व्हरायटी वाटू लागतो. तपकीर गल्लीत वाकणाऱ्या मानेचा, एका बिंदूतून प्रकाश देणारा एलईडी दिवा मिळतो. ट्यूबलाइटचा पसरट उजेड इथे उपयोगाचा नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि व्हर्नियर कॅलिपर बोहरी आळीत बघा. कॅलिपरचे जबडे पोलादी असतात, त्यामुळे प्रूफवर वापरायचा असेल तर प्लास्टिकचा घ्या. यूएसबी सूक्ष्मदर्शक असला तर छायाचित्रांना सोपं जातं. नसेल तर मोबाइल स्टँडला बांधून लूपमधून फोटो काढता येतो.

टेबलावर जाड मऊ कापड अंथरा आणि नाणं नेहमी त्या कापडावरच धरा, काठाला दोन बोटांनी. हातात नाणं असताना बोलू नका. थुंकीचा अदृश्य शिंतोडा काही महिन्यांत आरशावर तपकिरी ठिपका होतो आणि तो कधीही जात नाही.

बघायची रीत

आधी भिंगाशिवाय. नाणं दिव्याखाली हळू तिरकं करत पूर्ण एक फेरा फिरवा. रंग सगळीकडे सारखा आहे का, आरसा कुठे मंदावतो, कुठे बोटाचा ठसा आहे, हे साध्या डोळ्यांना जास्त चांगलं कळतं. मग दर्शनी बाजू वर ठेवून उभ्या अक्षाभोवती पानासारखं उलटा. भारतीय नाण्यात दोन्ही बाजूंची डोकी एकाच दिशेला असतात. मागची बाजू तिरपी आली तर डाय फिरलेली आहे. किती अंशांनी ते कोनमापकाने मोजून लिहा. थोड्या फरकाला फारशी किंमत येत नाही.

आता लूप. नाणं घड्याळाची तबकडी समजा आणि बारापासून सुरू करून प्रत्येक अक्षर बघा. साल, टांकसाळीची खूण आणि चित्रातला डोळा ही तीन ठिकाणं शेवटी. तिथूनच सुरुवात केली की बाकीचं बघायचं राहतं, हा माझा अनुभव.

दुहेरी दिसलं तर थांबा, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. खऱ्या डबल डायमध्ये दुसरी आकृती पहिलीइतकीच गोलाकार आणि उठावाची असते, अक्षर एकूण जाड होतं आणि अक्षराच्या टोकाला दोन आकृत्यांच्या मध्ये खाच दिसते. ठोक्याच्या वेळच्या हालचालीत दुसरी आकृती म्हणजे सपाट, चकचकीत पायरी असते. ती अक्षराच्या अंगातूनच कापलेली असल्यामुळे मूळ अक्षर बारीक झालेलं दिसतं. प्रूफमध्ये यात आणखी एक पेच आहे. त्याला एकाहून जास्त ठोके बसतात आणि दोन ठोक्यांच्या मध्ये चकती किंचित सरकली तर उमटणारी आकृती बऱ्यापैकी गोल आणि खरी वाटते. मोठमोठे जाणकार इथे चुकतात. अशा वेळी भिंग कामाचं नाही, दुसरं नाणंच निर्णय देतं. सरकलेल्या ठोक्याची नक्कल दुसऱ्या नाण्यावर येत नाही, डायमधली येते.

रेषांचंही असंच. डायवरच्या पॉलिशच्या रेषा नाण्यावर उठावाच्या येतात, पुसण्याचे ओरखडे खोलगट असतात. एवढ्या बारीक रेषेचा उठाव डोळ्याला पटकन कळत नाही. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. रेष अक्षरापाशी जाऊन थांबते का ते बघा. डाय घासताना अक्षरं खोल असल्यामुळे ती रेष फक्त फील्डवर असते आणि अक्षराच्या पायथ्याशी संपते, पलीकडे पुन्हा सुरू होते. फडक्याचा ओरखडा अक्षराच्या डोक्यावरूनही जातो. पहिला प्रकार व्हरायटी पटवायला मदत करतो, दुसरा नाण्याची किंमत निम्म्यावर आणू शकतो. भेगेचंही तसंच, डायची भेग नाण्यावर उठावाची रेष होते आणि बहुतेक वेळा काठापासून आत येते.

टांकसाळीचं अक्षर नंतर चिकटवलेलं किंवा खरवडून काढलेलं असू शकतं. अक्षराच्या पायथ्याशी आरसा अखंड चढत गेलेला दिसायला हवा. तिथे काळी फट दिसली, किंवा अक्षर असायच्या जागी आरसा लाटेसारखा वळलेला दिसला, तर ते नाणं परत करा.

नोंद, आणि दुसऱ्या नाण्याचा शोध

मी साध्या शंभरपानी वहीत लिहितो. साल, मूल्य, धातू, वजन, व्यास, अक्ष, मग खुणेचं शब्दांत वर्णन, घड्याळाच्या तासानुसार जागा आणि कुणाकडून, कधी, कितीला घेतलं ते. शेवटचा रकाना ‘दुसरं नाणं’. तो भरेपर्यंत वरती पेन्सिलने ‘शंका’ लिहिलेलं असतं.

छायाचित्रं नेहमी एकाच अंतरावरून, एकाच दिव्याच्या, एकाच कोनाने काढा. मग दोन छायाचित्रं मोबाइलवर एकावर एक ठेवून पारदर्शकता कमी-जास्त केली की डोळ्याला न दिसलेला फरक उडी मारून समोर येतो. मुख्य खुणेखेरीज डायच्या दोन-तीन उपखुणा शोधा. एखादा पुळा, पॉलिशची विशिष्ट रेष, एखाद्या अक्षराचा तुटका कोपरा. मुख्य खूण आणि उपखुणा दोन्ही जुळल्या की तीच डाय आहे असं छातीठोक सांगता येतं.

दुसरं नाणं कुठे शोधायचं? जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. लवकर जा, सकाळचं ऊन तिरकं असतं आणि भिंगाला ते सर्वांत चांगलं. कर्वे रस्त्यावरच्या सोनल हॉलमध्ये भरणाऱ्या नाणेप्रदर्शनांत एका दिवसात पन्नास प्रूफ संच बघून होतात. विकत काही घ्यायचं नसलं तरी विचारून बघा, बहुतेक जण आनंदाने दाखवतात. लक्ष्मी रस्त्याच्या बाजूच्या सराफांकडे मोडीत आलेली चांदीची नाणी असतात, पण तिथे प्रूफ सापडलं तरी ते बहुधा हाताळलेलं असतं. लिलावांच्या जुन्या सूचींतली छायाचित्रं बघायला पैसे पडत नाहीत, आणि मला निम्मी ‘दुसरी नाणी’ तिथेच सापडली आहेत.

नाव द्यायच्या वेळी स्वतःचे शब्द वापरू नका. राणी-राजांच्या नाण्यांना प्रिडमोर किंवा स्टीव्हन्स-वियर यांच्या सूचीतला क्रमांक द्या, प्रजासत्ताकाच्या नाण्यांना क्राउझच्या सूचीतला केएम क्रमांक. सूचीत नसेल तर जवळचा क्रमांक लिहून पुढे ‘यापेक्षा वेगळं’ म्हणून फरक नोंदवा. सूचीत नसणं म्हणजे दुर्मीळ असणं नव्हे. बरेचदा कुणी पाहिलेलं नसतं एवढाच त्याचा अर्थ असतो.

मोल

पहिली पायरी चांदीची. गांधी १० रुपये १५ ग्रॅमचं, ८० टक्के चांदीचं, म्हणजे १२ ग्रॅम शुद्ध चांदी. राणीछाप रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम. त्या दिवसाच्या भावाने गुणा. हा झाला तळ.

दुसरी पायरी, तेच साल, तोच दर्जा, व्हरायटीशिवाय, प्रत्यक्षात कितीला विकलं गेलं. मागितलेली किंमत लिहू नका, विकलेली लिहा. किमान तीन विक्री शोधा आणि लिलावाची असेल तर बोलीवर चढलेलं प्रीमियम आणि कर धरलेत की नाही ते बघा.

तिसरी पायरी दर्जाची. प्रूफचा दर्जा ६० ते ७० या आकड्यांत सांगतात, त्याखाली गेलं की ते बिघडलेलं प्रूफ. व्हरायटीच्या नादात माणसं दर्जा विसरतात. बोटाचा ठसा असलेली दुर्मीळ व्हरायटी आणि निर्मळ साधं प्रूफ समोर असलं, तर मी आजही पुष्कळदा निर्मळ नाणं घेतो.

व्हरायटीचा जादा भाव सगळ्यांत शेवटी. इथे तीन प्रश्न विचारा. साध्या डोळ्याने दिसते का? सूचीत आहे का? आणि ती मागणारे किती? १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया घ्या. राजाच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड एवढी आखूड झाली की लोकांना ते डुक्कर वाटलं आणि गदारोळ झाला. सुमारे ९४ लाख पाडले होते, त्यांतले ७ लाख बाजारात गेले, बाकीचे वितळवले आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. सात लाख ही काही लहान संख्या नाही. तरी ते नाणं कायम भावात असतं, कारण फरक नुसत्या डोळ्याने दिसतो आणि ती गोष्ट प्रत्येकाला माहीत आहे. उलट भिंगातूनच दिसणारी, माझ्याकडे असलेली एखादी पॉलिशची व्हरायटी खरोखर विरळ असेल, पण ती मागणारे पुण्यात चार जण असतील, तर तिचा जादा भाव त्या चार जणांच्या खिशाएवढाच.

दुसऱ्या टोकाला अमेरिकेच्या १९७५ च्या प्रूफ संचातली १० सेंटची नाणी आहेत. डायवर सॅन फ्रान्सिस्कोचं ‘एस’ घालायचं राहिलं. अशी फक्त दोन माहीत आहेत. त्यांतलं एक २०२४ साली ५,०६,२५० डॉलरना गेलं. असल्या बातमीवरून आपल्या नाण्याचा भाव ठरवू नका, पण एक शिका. तिथे सगळा भरवसा दुसऱ्या नाण्याने दिला. एकच असतं तर कुणी तरी अक्षर खरवडलं असेल अशी शंका राहिली असती.

समजण्यासाठी एक हिशेब, आकडे केवळ उदाहरणाचे. साधं प्रूफ ३,००० ला जातं. व्हरायटी सूचीत आहे पण भिंग लागतं, तर मी ४,००० पर्यंत जाईन. साध्या डोळ्याने दिसत असेल तर ६,००० पर्यंत. सूचीत नसेल आणि दुसरं नाणं मिळालेलं नसेल तर ३,००० च, एक रुपया जास्त नाही. आणि एखाद्या व्हरायटीची एकच मोठी विक्री सापडली तर तिला भाव म्हणू नका. दोन हट्टी माणसं लिलावात भिडली की काहीही होतं. तेवढ्याच किमतीला दुसरी विक्री दिसली की मग तो भाव.

एनजीसी किंवा पीसीजीएस या दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकन कंपन्यांकडून नाणं तपासून सीलबंद करून घ्यायचं असेल तर खर्च आधी मोजा. जादा भाव खर्चाच्या दुपटीहून कमी असेल तर नका करू. करत असाल तर लेबलवर व्हरायटीचं नाव लिहून यायला हवं, त्याचं शुल्क वेगळं असतं. शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांचा इथे वेगळा प्रश्न येतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने ती देशाबाहेर पाठवायला मनाई आहे, म्हणून राणीछाप कुरिअरने परदेशी पाठवायचा विचारही करू नका.

जुनी नाणी लाखोंना विकत घेतो, आधी नोंदणीचे पैसे भरा, असा संदेश आला तर तो थेट पुसून टाका. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की ती अशा व्यवहारांत नसते आणि त्यासाठी कुठलंही शुल्क घेत नाही.

घासू नका, ओलं ठेवू नका

आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला चांदीचे रुपये चिंचेने, लिंबाने किंवा पावडरीने घासून, पंचामृताने न्हाऊ घालून पाटावर ठेवतात. माझ्या आजीनेही केलं, आम्हीही त्या उजळलेल्या रुपयांना नमस्कार केला. पूजेसाठी साधे राणीछाप वेगळे काढा आणि प्रूफ पाटावर येऊ देऊ नका. एकदा घासलेला आरसा जगातला कोणताही कारागीर परत देऊ शकत नाही. चिकट हिरवट थर म्हणजे जुन्या पीव्हीसी पाकिटाचा परिणाम. तो शुद्ध अॅसिटोनमध्ये बुडवून, न चोळता, निथळून काढता येतो. खिडकी उघडी ठेवा आणि गॅस बंद.

पुण्याचा पावसाळा प्रूफचा शत्रू आहे. मायलरचं पाकीट किंवा कडक कॅप्सूल, शेजारी सिलिका जेलची पुडी, आणि पुडीचा रंग बदलला की बदला. रबर बँड, वर्तमानपत्राचा कागद, डांबराच्या गोळ्या आणि नव्या प्लायवुडचं कपाट, या चारही गोष्टी नाण्यापासून लांब ठेवा. चांदी त्यांनी काळी पडते. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवत असाल तर वर्षातून दोनदा जाऊन बघून या, गणपतीनंतर एकदा आणि होळीच्या सुमारास एकदा.

माझ्या वहीच्या बेचाळिसाव्या पानावर १९७३ च्या ‘अधिक धान्य पिकवा’ मालिकेतलं २० रुपयांचं प्रूफ आहे. चार आणि पाचच्या मध्ये काठापासून आत येणारी उठावाची भेग, तिच्याशेजारी दोन पुळे. छायाचित्रं काढून झाली, वजन जुळलं, सूचीत काही सापडलं नाही. ‘दुसरं नाणं’ हा रकाना सात वर्षं रिकामा आहे. त्या जागेचा मोठा केलेला फोटो माझ्या पाकिटात असतो आणि रविवारी जुन्या बाजारात प्रत्येक २० रुपयांच्या प्रूफशी मी तो ताडून बघतो.